जंगलाचा पैसा आणि तेंदू तोडणाऱ्या आईचे मूल

एप्रिल सरत आला की पूर्व विदर्भात तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या हजारो बाया पहाटे चारच्या सुमारास घर सोडतात. ऊन तापायच्या आत पाने तोडायची, डोक्यावर ओझे घेऊन घरी आणायची, दुपारभर सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मुन्शीपुढे मोजून द्यायची. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी होते, म्हणजे सत्तर हजार पाने. दिवसाला शंभर पुडकी भरायची म्हटली तरी सात हजार पाने एकेक करून खुडावी लागतात. त्याआधी मोहफूल वेचणे असते, नंतर पाऊस पडला की धानाची रोवणी असते. तेंदूच्या दराची चर्चा होते, ठेकेदाराच्या लबाडीची चर्चा होते, बोनस कधी मिळणार याची चर्चा होते. एका गोष्टीची चर्चा मात्र कुठेच होत नाही. या बाईचे दीड वर्षाचे मूल त्या वेळी कुठे असते?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. एक तर ते आईच्या पाठीला बांधलेले असते, त्या जंगलात, जिथे अस्वलाची आणि वाघाची भीती मोठ्या माणसालाही असते. नाही तर ते घरी एखाद्या म्हातारीजवळ असते, जिला स्वतःलाच धड दिसत नाही. आणि पुष्कळ घरांत ते आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. मोहफुलाच्या आणि रोवणीच्या दिवसांत त्या बहिणीची शाळा बुडते. चार-दोन वर्षे अशी बुडत बुडत शेवटी सुटते. धाकट्याचा सांभाळ थोरलीच्या शिक्षणातून वसूल होतो. ही वसुली कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती फुकट आहे असे सरकार समजते.

सरकारला पाळणाघर मागा, उत्तर ठरलेले असते. पैसा नाही. हे उत्तर ऐकून आपण मुकाट्याने परत येतो. या लेखात मला एवढेच तपासायचे आहे की पैसा खरोखर नाही काय?

महाराष्ट्राच्या भूभागाचा सुमारे एक पंचमांश भाग वनखात्याच्या दप्तरी जंगल म्हणून नोंदलेला आहे. हा साठ हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख सरकारच्या, म्हणजे जनतेच्या मालकीचा आहे. यातून सागवान निघते, बांबू निघतो, तेंदूपाने निघतात, डोंगर फोडून लोहखनिज निघते, वाघ बघायला येणाऱ्या पर्यटकांचे प्रवेशशुल्क येते. दिल्लीतल्या नव्या संसद भवनाच्या लाकूडकामाला सागवान नागपूरहून गेले, असे त्या वेळी वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापले होते. संसदेच्या दाराला विदर्भाचे सागवान शोभते. त्याच विदर्भाच्या जंगलात राबणाऱ्या बाईच्या मुलाला दिवसभर बसायला सावलीची एक खोली मिळत नाही, याची लाज कुणाला वाटायची?

बाबासाहेबांनी घातलेला पायंडा

नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातून मजूर आईच्या मुलाचा सांभाळ करावा, ही मागणी कुणाला नवी वाटेल, परकी वाटेल. ती नवी नाही आणि परकी तर मुळीच नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात तिची मुळे आहेत आणि आपणच ती विसरलो आहोत.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. मालकाला त्या स्त्रीच्या श्रमाचा फायदा मिळतो, म्हणून त्यानेही वाटा उचलावा, असेही त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४४ साली कोळशावर उपकर बसवून कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा करण्यात आला. १९४६ साली अभ्रक खाणींसाठी तसाच कायदा झाला. खाणींवर राबणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी खाणमालकांनी पाळणाघरे चालवावीत म्हणून १९४५-४६ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाळणाघरांचे नियम आले. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. जमिनीतून निघणाऱ्या प्रत्येक टनावर थोडा पैसा बाजूला काढायचा, तो वेगळ्या निधीत ठेवायचा आणि ती संपत्ती ज्यांच्या घामाने बाहेर आली त्यांच्या घरादारासाठी, पोराबाळांसाठी खर्च करायचा. तत्त्व स्पष्ट आहे. मजुरीण बाईच्या मुलाचा सांभाळ हा उत्पादनाच्या खर्चातलाच एक भाग आहे. तो तिच्या एकटीच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही.

कोळशाला जे तत्त्व लागू झाले, ते तेंदूला का लागू होऊ नये? बांबूला का लागू होऊ नये?

विडीला कायदा, पानाला नाही

इथे आपल्या कायद्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया ज्या विडी कारखान्यात काम करतात तिथे मुलांसाठी पाळणाघर असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मालकांनी काय केले? कारखाने रोडावत गेले आणि काम घरोघरी वाटले गेले. बाई घरी बसून विड्या वळू लागली, तिचे मूल तिथेच तंबाखूच्या धुळीत रांगू लागले आणि पाळणाघराची अट कागदावर राहिली. १९७६ साली विडीवर उपकर बसवून विडी कामगारांचा कल्याण निधी तयार झाला. त्या निधीचा लाभ वळणाऱ्या हातांसाठी होता. पान तोडणारे हात त्यात नव्हतेच. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकरही रद्द झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांत सामावला गेला. नव्या संहितेत पाळणाघर आहे, पण ते पन्नास कामगारांच्या आस्थापनेसाठी आहे. जंगल ही आस्थापना नाही. तेंदू तोडणारी बाई कुणाचीच कामगार नाही. ठेकेदार म्हणतो ती संकलक, वनखाते म्हणते ती लाभार्थी.

१९६९ सालापासून महाराष्ट्रात वनउपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा स्वतंत्र कायदा आहे. तेंदू कुणी विकत घ्यायचा, कुठे साठवायचा, कसा वाहून न्यायचा, हे सगळे त्यात बारकाईने ठरवलेले आहे. पान हरवू नये म्हणून एवढी तजवीज झाली. पान तोडणारीचे मूल हरवू नये म्हणून त्यात एक ओळ नाही.

घटना काय म्हणते

मी वकील आहे, म्हणून घटनेच्या दोन कलमांकडे वाचकांचे लक्ष वेधते. कलम ३९ (ब) सांगते की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला उपकारक होईल अशा रीतीने वाटले गेले पाहिजे. या कलमावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला. तो खटला महाराष्ट्रातूनच गेलेला होता. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने सांगितले गेले. वाद होता तो खासगी मालमत्तेचा. सरकारी जंगल ही सार्वजनिक संपत्ती आहे, याविषयी वाद नाही.

दुसरे कलम ४५. मूळ घटनेत या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट घातले होते. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला, त्याचे स्वागतच आहे. पण सहा वर्षांखालचे मूल त्या हक्काच्या बाहेर राहिले. त्याच्यासाठी कलम ४५ नव्याने लिहिले गेले. त्यानुसार राज्य बालसंगोपन आणि शिक्षण पुरविण्याचा प्रयत्न करील. हक्क मोठ्याला आणि प्रयत्न धाकट्याला! मेंदूची आणि शरीराची सगळ्यात वेगाने वाढ होते ती पहिल्या तीन वर्षांत, आणि नेमक्या त्याच वयाच्या मुलाला घटनेने प्रयत्नाच्या भरवशावर सोडले.

यावर कुणी म्हणेल की अंगणवाड्या आहेत ना? आहेत. राज्यात सुमारे एक लाख दहा हजार आहेत. अंगणवाडी हा शब्दच महाराष्ट्राने देशाला दिला. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह वारल्यांच्या पाड्यांवर काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलासाठी कुरणात जावे, हा विचार तिथला. म्हणजे या कल्पनेचा जन्मच जंगलाच्या काठावर झाला. पण आजची अंगणवाडी दिवसाचे काही तासच चालते आणि तिची रचना प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायच्या आहाराचे पाकीट येते. पाकीट मुलाला भरवत नाही. पाकीट त्याला विहिरीच्या काठावरून उचलत नाही.

पाळणाघरांची केंद्राची योजना होती. २००६ साली ती राजीव गांधी यांच्या नावाने नव्याने आली. एकेकाळी देशात तेवीस हजारांच्या आसपास पाळणाघरे होती, २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या घरात आली. मधल्या काळात केंद्राने आपला वाटा ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणला आणि राज्यांनी हात वर केले. २०२२ पासून मिशन शक्तीत पाळणा नावाने ती पुन्हा मांडली गेली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे ठरले. नाव बदलले की खर्च भागतो असे थोडेच आहे? ज्या योजनेला स्वतःचा कायमचा निधी नाही, ती प्रत्येक अंदाजपत्रकात पुन्हा भीक मागते. म्हणूनच मूळ प्रश्न पैशाच्या स्रोताचा आहे.

पैसा कुठे आहे

पहिली थैली बघू. खाण, धरण किंवा रस्ता यांसाठी जंगलाची जमीन वळती केली जाते तेव्हा प्रकल्पवाल्याकडून भरपाई वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल केले जाते. याला सगळे कॅम्पा म्हणतात. हा पैसा वर्षानुवर्षे साठून राहिला होता. २०१६ साली कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने सत्तेचाळीस हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांकडे वळती केली. महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी रुपये आले.

ही रक्कम किती मोठी आहे हे कळावे म्हणून एक गणित मांडते. समजा, गावातल्या वीस मुलांचे एक पाळणाघर आहे. दोन बायांना महिना दहा हजार रुपये पगार दिला तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार झाले. मुलामागे रोज पंचवीस रुपयांचा आहार वर्षातले तीनशे दिवस दिला तर दीड लाख झाले. भांडी, सतरंज्या, औषधे, दुरुस्ती यांना साठ हजार धरा. एका पाळणाघराचा वर्षाचा खर्च साडेचार लाख. ३,८४४ कोटींवर सहा टक्के व्याज धरले तर २३० कोटी होतात. मुद्दलाला हात न लावता नुसत्या व्याजावर पाच हजार पाळणाघरे चालतील.

आता वकील म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजच्या कायद्याप्रमाणे कॅम्पाचा पैसा पाळणाघराला वापरता येत नाही. तो वन आणि वन्यजीवांच्या कामासाठीच बांधलेला आहे आणि तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात जंगल उभे राहिलेच पाहिजे, याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की जंगल तुटते तेव्हा झाडे जातात आणि त्यासोबत त्या जंगलावर जगणाऱ्या बाईचा मोह, तेंदू, डिंक आणि सरपणही जाते. तिला अधिक लांब चालावे लागते, अधिक वेळ घराबाहेर राहावे लागते. नुकसानीच्या हिशेबात झाडाची किंमत धरली आणि बाईच्या वेळेची धरली नाही, हा त्या कायद्यातला दोष आहे. तो संसदेनेच दुरुस्त करायचा आहे आणि ही मागणी आपण केली पाहिजे.

दुसऱ्या थैलीला मात्र कायदा बदलण्याची गरज नाही. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणपट्टेदाराने स्वामित्वधनाच्या वर जुन्या पट्ट्यासाठी ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यासाठी १० टक्के रक्कम यात भरायची असते. हा पैसा कशावर खर्च करायचा याच्या यादीत पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबर महिला आणि बालकल्याण अग्रक्रमाच्या कामांत आहे. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक भरून जातात. तो डोंगर वनजमीनच आहे. चंद्रपूर-यवतमाळात कोळसा आहे. ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठानच्या पैशातून आदिवासी वस्त्यांवर पाळणाघरे चालविली गेली. तिथे होते ते इथे का होत नाही? प्रतिष्ठानच्या पैशातून कुठे सभागृह बांधले, कुठे रस्ता केला, कुठे कमान उभारली, याची यादी माहितीच्या अधिकारात मागवा. त्या यादीत तीन वर्षांखालचे मूल कुठे आहे ते शोधा.

तिसरी थैली तेंदू आणि बांबूची. वनखात्यामार्फत जिथे तेंदूचा लिलाव होतो, तिथे स्वामित्व शुल्काचा पैसा सरकारकडे येतो आणि त्यातून संकलकांना बोनस मिळतो. तो बोनस त्यांच्या घामाचा आहे. त्यातला एक पैसाही पाळणाघरासाठी कापू नये. मात्र सागवानाचे लिलाव, वन विकास महामंडळाचे उत्पन्न, पर्यटनाचे शुल्क या बाकीच्या वनमहसुलावर एक ठरावीक टक्का राखून ठेवणे राज्य सरकारच्या हातात आहे. हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो, त्यामुळे बाजूला काढता येत नाही असे अधिकारी सांगतील. त्यांना महाराष्ट्राचाच इतिहास दाखवा. १९७५ साली व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमीसाठी. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधी उभा केला आणि त्यात राज्याने आपला वाटा घालायचा ठरवले. शहरातल्या नोकरदाराच्या करातून खेड्यातल्या मजुराला काम, अशी सांगड या राज्याने घालून दाखवली आहे. मग जंगलाच्या महसुलातून जंगलातल्या मुलाला पाळणाघर, ही सांगड घालायला कुठली घटना आडवी येते?

ग्रामसभेचा पैसा आणि सरकारची जबाबदारी

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची मालकी गावाला दिली आणि बांबू, तेंदू यांचा त्यात नावानिशी उल्लेख केला. २००९ साली गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू वाहून नेण्याच्या परवान्यासाठी गावाला झगडावे लागले आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा कुठे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे दिला. २०१३ च्या हंगामापासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूही स्वतः विकायला सुरुवात केली.

या ग्रामसभांकडे आज थोडाफार पैसा आहे. म्हणून काही साहेब लोक सुचवतात की पाळणाघरे ग्रामसभांनीच चालवावीत. इथे सावध राहा. ग्रामसभेने स्वखुशीने जागा द्यावी, सरपण द्यावे, देखरेख करावी, हे उत्तमच. छत्तीसगडमध्ये फुलवारी नावाने वस्तीतल्या आयांनी चालवलेली पाळणाघरे आहेत, त्यांतून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पण पगाराचा आणि आहाराचा भार सरकारने ग्रामसभेवर ढकलू नये. मुंबई-पुण्याच्या मुलांच्या अंगणवाडीसाठी कुणी वॉर्डाला लाकूड विकायला सांगत नाही. मग लेख्याच्या मुलासाठी बांबू विकायची अट कशाला?

या कायद्यातले एक कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. कलम ३ (२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हेक्टरी पंचाहत्तर झाडांपेक्षा जास्त तोड होत नसेल तर. वनजमीन आहे म्हणून अंगणवाडीला खोली बांधता येत नाही, असे जो अधिकारी सांगेल त्याच्यापुढे हे कलम ठेवा. जागेचा प्रश्न कायद्याने २००६ सालीच सोडवला आहे.

लिलावाच्या भरवशावर मूल नको

एक धोका मात्र आपण आधीच ओळखला पाहिजे. जंगलाचे उत्पन्न दरवर्षी सारखे नसते. तेंदूचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी ठेकेदार फिरकत नाही. पाळणाघर थेट लिलावाला बांधले तर भाव पडला की पाळणा थांबेल. आणि पाळणा चालू राहावा म्हणून अधिक झाडे तोडा, असे म्हणणारे निघतील.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. तिथे १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा स्थानिक शाळा आणि रस्त्यांसाठी राज्यांना मिळू लागला. १९९० च्या दशकात लाकूडतोड झपाट्याने घटली आणि त्या उत्पन्नावर चालणाऱ्या शाळांची दैना झाली. २००० साली वेगळा कायदा करून सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा लागला आणि त्या कायद्याची मुदतही पुन्हा पुन्हा संपत राहिली. त्याच देशातल्या न्यू मेक्सिको राज्याने दुसरी वाट धरली. सरकारी जमिनीचे उत्पन्न, जे तिथे मुख्यतः तेल आणि वायूचे आहे, ते थेट खर्च न करता कायम निधीत साठवायचे आणि त्या निधीतून दरवर्षी ठरावीक टक्का काढायचा. २०२२ साली तिथल्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून या निधीतला वाढीव वाटा बालसंगोपनाला आणि शाळांना दिला. नोव्हेंबर २०२५ पासून त्या राज्याने उत्पन्नाची अट काढून सर्वांसाठी बालसंगोपन मोफत केले. धडा सरळ आहे. उत्पन्न आधी निधीत जावे, पाळणाघर निधीतून चालावे, आणि कमी पडेल ते राज्याने अंदाजपत्रकातून भरावे.

दुसरा धोका सेवेच्या नावाखाली राबवून घेण्याचा आहे. पाळणाघर सांभाळणारी बाई ही कामगार आहे. अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षे मानधनाच्या शब्दात गुंडाळून ठेवले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे ठरवले. एका गरीब बाईच्या मुलाची सोय दुसऱ्या गरीब बाईच्या फुकट श्रमावर उभी करायची असेल, तर ती सुधारणा आम्हाला नको.

हा प्रश्न आपला आहे काय

काही कार्यकर्ते विचारतील, हा तर आदिवासींचा विषय, यात आपण कशाला? त्यांनी हंगामात एकदा फळीवर जाऊन उभे राहावे. पूर्व विदर्भात तेंदू तोडणाऱ्या बायांत गोंड, माडिया आहेत तशा आपल्या बौद्ध बायाही आहेत, ढिवर, गोवारी आहेत. त्यांना जमीन नाही म्हणून त्या जंगलात आहेत. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या शेतकऱ्याच्या आसूडात लिहून ठेवले आहे की सरकारने वनखाते काढून डोंगर-कुरणे ताब्यात घेतली आणि गोरगरिबाच्या शेरडाला चरायला जागा ठेवली नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो भूमिहीनांनी तुरुंग भरले ते याच जमिनीच्या हक्कासाठी. वनहक्क कायद्यात इतर पारंपरिक वननिवासींना पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागितला जातो, आणि त्या अटीवर आपल्या लोकांचे दावे अडकतात. वैयक्तिक पट्टा मिळो वा न मिळो, पाळणाघर सर्वांच्या मुलांसाठी आहे. आदिवासी आणि बौद्ध मजुरांनी एकत्र येऊन मागावी अशी ही मागणी आहे.

आणि मागताना जातीचा मुद्दा बाजूला ठेवू नका. पाळणाघर गावाच्या कुठल्या टोकाला असणार? तिथे अन्न कोण शिजवणार? मूल कोण कडेवर घेणार? आपल्या वस्तीतल्या बाईच्या हातचे खायला नको म्हणून मुले काढून नेणारी गावे या देशात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात ऑक्टोबर २००४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांत लवकरात लवकर अंगणवाडी द्या असे आदेश दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालची चाळीस मुले असलेल्या आणि अंगणवाडी नसलेल्या वस्तीला मागणी करताच तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क दिला. पाळणाघराची जागा आणि नेमणूक याच नियमाने झाली पाहिजे. दीड वर्षाच्या वयात सगळ्या जातींची मुले एका सतरंजीवर झोपली, एका ताटातला भात जेवली, तर जातीला तिथेच पहिला धक्का बसेल.

आता करायचे काय? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रियांची गणपूर्ती लागते. बायांना घेऊन जा आणि चार ओळींचा ठराव मांडा. एक, गावात तीन वर्षांखालची मुले किती आणि त्यांच्या आया हंगामात किती तास बाहेर असतात याची नोंद करा. दोन, कलम ३ (२) खाली पाळणाघर जोडलेल्या अंगणवाडीसाठी जागेची शिफारस करा. तीन, जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे आणि पेसा गावांत आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के थेट निधीतून खर्चाची मागणी करा. चार, वनमहसुलातून बालसंगोपनाचा कायमस्वरूपी निधी उभारणारा कायदा राज्याने करावा, असे शासनाला कळवा. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. नक्कल नसली की ठराव झालाच नाही असे सांगितले जाते.

शहरातल्या बांधवांनी हा गावाकडचा विषय म्हणून पान उलटू नये. आमदार तुमच्या मतावरही निवडून येतो. त्याला विचारा, जंगलाचा महसूल किती आला आणि त्यातला जंगलातल्या लेकरांवर किती खर्च झाला? उत्तर आले नाही तर पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न लावायला भाग पाडा. तेंदूच्या प्रत्येक पुडक्याची नोंद ठेवणाऱ्या सरकारला त्या पुडक्यामागच्या लेकराचीही नोंद ठेवावी लागेल, आणि ती ठेवायला लावण्याचे काम आपले आहे.

जय भीम!